काहूनचा रकाना

आमच्या कंपनीचा मेंदू एका लोखंडी कपाटात असतो आणि त्या कपाटाची चावी वाजिदभाईंच्या पायजम्याच्या नाडीला बांधलेली असते. सकाळी काम सुरू करायचं म्हणजे आधी वाजिदभाई भिंतीकडे तोंड करून कुर्ता वर करतात, गुडघ्यात वाकतात आणि नाडी न सोडता चावी कुलपापर्यंत पोचवायची कसरत करतात. मी तोवर खिडकीबाहेर बघतो. ते अंघोळीला गेले की कंपनी बंद. नमाजला गेले की बंद. चावी खिळ्याला टांगा की, असं मी पहिल्याच आठवड्यात सुचवून पाहिलं होतं.

"खिळ्याला टांगली म्हंजे गावाला देऊन टाकली," ते म्हणाले. "तुला तकलीफ होत असंल तर तिकडं पाहू नको."

कंपनी म्हणजे आम्ही दोघंच. हिंगोलीत त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली हे आमचं ऑफिस. मी मूळचा कुरुंद्याचा. दहावीच्या सुट्टीत वाजिदभाईंच्या कॉम्प्युटर क्लासला आलो होतो, माऊस कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं. पुढे पुण्यात नोकरी केली. बायकोला हिंगोलीत शाळेवर नेमणूक मिळाली तेव्हा परत आलो, आणि वाजिदभाई म्हणाले, ये, मिळून प्रोग्राम लिहू. ज्यांनी शिकवलं त्यांना नाही म्हणवेना. दीड वर्ष झालं, डोक्याला ताप आहे.

कपाटातल्या मेंदूचं सांगतो. हल्ली प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी एआय असतो. आपण सांगायचं, त्यानं कोड लिहायचा. हुशार असतो, पण काल संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे घसा कोरडा करून जे ठरवलं, ते आज सकाळी त्याला आठवत नाही. रोज नव्यानं ओळख करून द्यायची. म्हणून लोक त्याला आठवणींची एक वही जोडून देतात. काय ठरलं, काय नको, कुणाला काय आवडतं ते तिच्यात साठत जातं आणि सकाळी तो आधी ती वही वाचून घेतो. अशा वह्या नेटवर तयार मिळतात, दोन मिनिटांत सुरू होतात. मी तसं वाजिदभाईंना सांगितलं, तिथंच चुकलो.

"ती वही ऱ्हाते कोणाच्या घरी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, असेल कुठंतरी, अमेरिकेत वगैरे.

"म्हंजे आपलं बोलणं लोकाच्या घरी मुक्कामाला?"

झालं. चार महिने खपून त्यांनी स्वतःची वही लिहिली. एआयसुद्धा नेटवरचा नको म्हणून एक लहानसं मॉडेल आमच्याच मशीनवर उतरवून घेतलं, मग नेटची वायर उपटली, मशीन कपाटात ठेवलं, कपाटाच्या दाराला वेल्डिंगवाल्याकडून भोकं पाडून घेतली आणि आत एक टेबल फॅन सोडला. ते मॉडेल इतकं सावकाश चालतं की प्रश्न विचारून मी मंडईत जाऊन भाजी घेऊन येतो, तरी उत्तर अर्ध्यावरच असतं.

या वहीत तीन रकाने आहेत. काय, काहून, आणि कोणी सांगितलं. पैकी काहून, म्हणजे का, हा वाजिदभाईंचा लाडका. त्यांच्या तोंडात दिवसातून पन्नासदा येतो. "काय ते सगळेच लिहितात यार, काहून ते लिही." काहूनचा रकाना रिकामा राहिला तर वही रोज सकाळी तो आपल्या तोंडावर फेकते. एकदा डोंगरकड्याच्या एका डॉक्टरांचं काम हाती होतं तेव्हा मी नोंद केली, 'बटणं निळी ठेवावीत.'

"काहून?"

"डॉक्टरांना निळा रंग आवडतो."

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनीच."

"मग त्यांना इचारलं का, हे लिहून ठेवू का म्हणून?"

मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटी मी डोंगरकड्याला फोन लावला आणि एका एमबीबीएस माणसाला विचारलं की तुम्हाला निळा रंग आवडतो ही गोष्ट आम्ही लक्षात ठेवली तर चालेल का. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

त्या दिवशी संतापाच्या भरात मी एआयला टाइप केलं, 'वाजिदभाई वेडे आहेत, हे लक्षात ठेव.' त्यानं इमानेइतबारे ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजिदभाईंनी कपाट उघडलं आणि पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, 'बालाजी यांच्या मते वाजिदभाई वेडे आहेत. काहून: रिकामा.' मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वाजिदभाईंनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"राग न्हाई," ते म्हणाले, "पण काहूनचं तेवढं भर."

मी पुसून टाकतो म्हणालो, तर पुसू देईनात. वहीत 'विसर' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की वही एकदा विचारते, खरंच विसरू? हो म्हटलं की नोंद जाते ती कायमचीच. "बराबर असंल तर काहून विसरायचं?" म्हणाले. ती नोंद अजून आहे. रोज सकाळी वाचावी लागते.

चहाचं आणखी निराळं. वाजिदभाई घराबाहेर चहा पीत नाहीत. गिऱ्हाइकाकडे गेलो तर नाही, टपरीवर नाही, कुणी हाताला धरून बसवलं तरी नाही. घरात चहा त्यांची धाकटी बहीण करते. मी त्यांना आपा म्हणतो. दोन्ही भावंडं बिनलग्नाची, घरात तिसरं माणूस नाही. ठरल्या वेळी आतल्या दाराचा पडदा हलतो, बांगड्यांचा हात दोन कप स्टुलावर ठेवतो आणि पडदा पुन्हा पडतो. दीड वर्षात मी आपांना नीट पाहिलं होतं ते दोन-तीनदाच. एकदा मशीनचा एक भाग आणायला आम्ही मोटारसायकलवर वाशिमला निघालो होतो. कनेरगाव नाक्यावर मी ढाब्याकडे गाडी वळवली, तर मागून वाजिदभाईंनी माझा खांदा असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

"सीधा चल. इथं न्हाई थांबायचं."

"अहो, अर्धा कप."

"बाहेर चहा प्यालं की जीभ सुटते," ते म्हणाले. वाशिमला जाऊन येईपर्यंत मग अवाक्षर नाही.

अशा माणसाबरोबर मला डोंगरकड्याच्या डॉक्टरांचं काम वेळेत द्यायचं होतं. आमचं पहिलं मोठं काम. दवाखान्याच्या खिडकीवर कंपाउंडरनं पेशंटचं नाव आणि आजार नोंदवायचा, आत डॉक्टरांना ते पडद्यावर दिसायचं, शेवटी चिठ्ठी छापून यायची. यात अवघड काही नाही. हे काम जमलं तर आणखी दवाखाने मिळणार होते, फसलं तर मला बायकोला इथं ठेवून पुन्हा पुण्याला पळावं लागणार होतं. हे मी वाजिदभाईंना स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि वहीच्या अगदी वर, सगळ्या नोंदींच्या आधी, एक नियम लिहून ठेवला. 'एकाचं दुखणं दुसऱ्याला दिसायला नको.' कोणी सांगितलं: वाजिद. काहून: रिकामा.

"वाजिदभाई, याचं काहून?"

"हाये एक."

मला निळ्या रंगासाठी फोन करायला लावणारा माणूस हा!

प्रोग्राम तपासून बघायला खऱ्या पेशंटची नावं वापरायला त्यांची सक्त मनाई. बनावट नावं घातली, तर म्हणाले, "या नावाचं कोणी खरंच निघालं म्हंजे?" म्हणून आमचे सगळे पेशंट भाज्यांच्या नावाचे. दोडकाबाई, वांगेराव, भोपळे आजी. वांगेरावांना बीपी, भोपळे आजींचे गुडघे. (हे व्यक्तिचित्र लिहायचं ठरलं तेव्हा आपलं नाव बदलून शेपूभाई करावं असा त्यांचा हट्ट होता. नाव मी बदललंय, पण शेपू करायला माझी लेखणी धजली नाही.)

इथपर्यंत मी सोसलं. पण त्या पहिल्या नियमानं नाकी नऊ आणले. आजार एकदा नोंदवला की खिडकीवरच्या पडद्यावरून नाहीसा झाला पाहिजे, कंपाउंडरला परत दिसता कामा नये, यासाठी वाजिदभाईंनी तीन आठवडे घालवले. डॉक्टरांनी हे मागितलेलंही नव्हतं. त्यात एआयनं तो नियम इतका मनावर घेतला की डॉक्टरांच्या पडद्यावरही आजाराची जागा कोरी, आणि चिठ्ठीवरही कोरी. मी तेवढा कोड काढून टाकायचो. दुसऱ्या दिवशी एआय वही वाचायचा आणि तो कोड पुन्हा घालून ठेवायचा. दोन तारखा हुकल्या. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी दाखवा, नाहीतर मी नांदेडच्या लोकांना सांगतो."

शुक्रवारी वाजिदभाई नात्यातल्या लग्नाला परभणीला गेले. चावी नाडीला, नाडी परभणीला. "सोमवारी सकाळी करू की," जाताना म्हणाले.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो आणि आतल्या पडद्याशी उभा राहून हाक मारली.

"आपा, हातोडी आहे का?"

"हाये. काहून?"

"कुलूप तोडायचंय."

मग आपा बाहेर आल्या. पंचेचाळिशीच्या, किडकिडीत, भावासारखाच चष्मा. हातात मसाल्याचा डबा होता. त्यांनी लवंगांच्या वाटीत बोट घातलं आणि एक चावी काढली.

"ही कुठून आली? वाजिदभाईंना माहीत आहे?"

"त्याला लई गोष्टी म्हाईत न्हाईत," आपा म्हणाल्या.

त्यांनीच कपाट उघडलं आणि पहिल्यांदाच त्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या. मी मशीन सुरू केलं. माझा बेत साधा होता. तो पहिला नियमच विसरायला लावायचा, सगळ्या पडद्यांवर सगळं दिसू द्यायचं, आणि तासाभरात काम उरकून घरी जायचं. एआयनं सवयीप्रमाणे वही वाचली, वेडेपणाची नोंदही आली, ती आपांनी वाचली आणि पदर तोंडाला लावला. मी टाइप केलं, 'विसर, नियम पहिला.' उत्तर यायला वेळ लागला. 'या नियमाचं कारण माझ्याकडे नाही. नोंद परत आणता येणार नाही. खरंच विसरू?'

"काय पुसून राहिला तू?" आपांनी विचारलं.

मी सगळा राग त्यांच्यावर काढला. तीन आठवडे, दोन तारखा, पुणं, सगळं. "तुमचा भाऊ मला प्रत्येक गोष्टीचं काहून विचारतो, आणि स्वतःच्या नियमापुढं एक शब्द लिहीत नाही. मग मी पुसतो. त्याचं काहून नाहीच काही."

"हाये," आपा म्हणाल्या. "थांब जरा."

मी हात काढून घेतला.

"मी एकोणीसची होते. मला फिट यायच्या. घरातल्या मानसांबगर कोणाला म्हाईत नव्हतं. वाशिमला माझं लगन ठरलं होतं. हा लग्नाचं सामान आणायला तिकडं चालला होता, कनेरगावच्या नाक्यावर दोस्त भेटला म्हणून चहाला बसला. आन् त्याला इचारलं, वाशिममधी फिटचा चांगला डॉक्टर कोण हाये? बहीण तिकडं चालली, तिला तकलीफ नको व्हायला." आपांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "काळजीनं इचारलं रे त्यानं. त्या दोस्तानं बी वाईट मनानं सांगितलं नसंल कोणाला. आठ दिवसांत निरोप आला."

कपाटातला फॅन फिरत होता.

"आता गोळी घेते. फिट येऊन लई वरसं झाली. त्यानं बी मग लगन केलं न्हाई. मी म्हणलं, कर. म्हणे, घरात नवं मानूस आलं की घरातलं बोलणं बाहेर जातं." त्या थोडं हसल्या. "एवढ्या वरसांत त्यानं माझ्यासमोर ही गोष्ट काढली न्हाई. मी बी न्हाई काढली. कपाटाला भोकं पाडून आणली ना, तवा वाटलं, आता तरी बोलंल."

मला लाज वाटली. नुसती त्या दिवसाची नाही, दीड वर्षाची. रोज दोन वेळ या बाईंच्या हातचा चहा पिऊन मी त्यांच्या भावाच्या नावानं बोटं मोडत होतो, आणि पडद्यामागं ते सगळं ऐकू जात होतं. मी 'नाही' टाइप केलं. नियम राहिला.

"आता ते काहून भर," आपा म्हणाल्या.

"वाजिदभाईंना विचारून मग..."

"त्याला काहून इचारतो? दुखणं माझं हाये."

मी लिहायला घेतलं, 'एका बहिणीचं लग्न मोडलं.' त्यांनी पडद्यावर वाचलं आणि मान हलवली. "एका काहून? माझं म्हण." मग त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द, मी टाइप केलं. 'माझ्या फिटची गोष्ट चहावर निघाली आन् माझं लगन मोडलं. भाऊ काळजीनं बोलला होता.' तिसऱ्या रकान्याशी येऊन मी थांबलो. कोणी सांगितलं, पुढं काय लिहू? मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

"नजमा," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्या अक्षरात येतं का?"

आलं. हे नाव मी बदललेलं नाही. तसा त्यांचा हुकूम आहे.

नोंद पक्की झाली आणि बऱ्याच वेळानं एआयनं तीन आठवड्यांतला पहिला शहाणा प्रश्न विचारला. 'कारण समजलं. मग डॉक्टरांना आजार दिसलेला चालेल का?' मी आपांकडे पाहिलं.

"डॉक्टरला न्हाई दिसलं तर गोळी कोण देईल?" आपा म्हणाल्या. मी तेच टाइप केलं. दिवेलागणीच्या आत डॉक्टरांच्या पडद्यावर वांगेरावांचं बीपी दिसायला लागलं, चिठ्ठी भरून छापली, आणि खिडकीवर मात्र नुसतं नाव आणि नंबर.

सोमवारी सकाळी वाजिदभाईंनी भिंतीकडे तोंड केलं, वाकले, कपाट उघडलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. ते वही वाचायला लागले. मी हळूच वळून पाहिलं तर त्यांनी चष्मा काढला होता आणि चष्म्याशिवाय पडद्याच्या अगदी जवळ जाऊन ते त्या मोठ्या अक्षरांतल्या नावाकडे बघत होते. आतला पडदा हलला. आज हात आला नाही, आवाज आला.

"बराबर लिहिलं का?"

वाजिदभाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बराबर हाये," ते म्हणाले. मग कुलपाकडे बघून, "दुसरी चावी कुठं ऱ्हाते?"

"ते न्हाई सांगणार," आपा म्हणाल्या.

डोंगरकड्याला दवाखाना माणसांनी भरला होता. डॉक्टरांनी दोडकाबाई आणि भोपळे आजी पाहिल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि सोडून दिलं. मग ते खिडकीवर दाखवायला मांडलेल्या आमच्या पडद्याशी आले.

"इथं आजार का दिसत नाही? हे मी सांगितलं नव्हतं."

आता 'हाये एक' ऐकू येणार म्हणून मी डोळे मिटले.

"आमच्या घरून सांगितलं, डॉक्टरसाब," वाजिदभाई म्हणाले. "पण काहून ते त्यांचं हाये. मला सांगता येत न्हाई."

डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात कंपाउंडरनं जुन्या रजिस्टरवरून बाहेरच्या गर्दीत हाक दिली, "मूळव्याधवाले कोण हायेत?" बाकावरून एक फेटेवाले गृहस्थ उठले आणि जमिनीकडे बघत, सगळ्यांच्या गुडघ्यांतून वाट काढत पुढं आले. शेजारच्या बायकांनी पदर सावरले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्या पडद्याकडे.

"कधी बसवून देता?" त्यांनी विचारलं.

परतताना कळमनुरीत वाजिदभाईंनी मागून खांद्यावर हात ठेवला. या वेळी दाबला नाही. "थांब. चहा घेऊ."

मी गाडी बंद करायलाही विसरलो. टपरीवर ते ग्लास दोन्ही हातांत धरून बसले आणि शेवटच्या घोटापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, ओठ घट्ट मिटलेले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या गप्प बसण्याचा राग आला नाही. ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "नजमाला नाक्यावर न्यायचं म्हणतो. कनेरगावला. चहाला."

"न्या की."

"तिला इचारतो आधी."

दीड वर्षाची सवय. माझ्या तोंडून गेलंच, "वहीत लिहू का?"

"लिही."

"काहून?"

वाजिदभाईंनी रिकाम्या ग्लासात बघितलं.

"ते ती सांगंल," ते म्हणाले, आणि टपरीवाल्याकडे बघून आणखी एक चहा सांगितला.